गुळव्याची बोटं

नदीकाठच्या एका गावात म्हादबा नावाचा गुळव्या राहत होता. काहिलीत उसाचा रस आटत आला की तो बोटं गार पाण्यात बुडवायचा, चटकन उकळता पाक उचलायचा आणि पाण्यात धरून त्याची गोळी वळायचा. गोळी कशी वळते, यावरून काहील कधी उतरवायची ते त्याला कळे. त्याच्या गुळाला तोड नव्हती. पण बोटं रोज पोळत.

कंटाळून तो वैद्यबुवांकडे गेला. "दुखणंच बंद होईल, असं काही द्या."

"दुखण्याबरोबर आणखीही काही जाईल," वैद्यबुवा म्हणाले. म्हादबा हट्टाला पेटला. शेवटी त्यांनी एक लेप दिला.

गुऱ्हाळावर जोतीरावांचा ऊस आला होता. हाताला लेप लावून म्हादबानं पाकात बोटं घातली. जरासुद्धा चटका जाणवला नाही. तो खूश झाला. पण गोळी मऊ की घट्ट, काही समजेना. ती बोटांत आहे की निसटली, हेही बघावं लागलं. मग तो वाकून पाकाचा रंग निरखू लागला.

"अहो, हात!" बायको कोंडाबाई ओरडली. त्याचा तळवा काहिलीच्या तापलेल्या काठावर टेकला होता. तिनं तो ओढून काढला, तोवर कातडी सोलली होती. इकडे पाकही करपला.

जोतीराव म्हणाले, "म्हादबा, हा गूळ खायचा, का वंगण म्हणून गाडीच्या चाकाला लावायचा?"

म्हादबा वैद्यबुवांकडे धावला. "माझा हात पहिल्यासारखा होईल ना?"

वैद्यबुवांनी त्याच्या डोक्यावर बोट ठेवलं. तिथून मानेवरून पाठीच्या कण्यावर आणलं, मग खांद्यावरून त्याच्या बोटांपर्यंत नेलं. "डोक्यात मेंदू. त्याच्यापासून कण्याच्या आत मज्जारज्जू उतरतो. त्याला फुटलेले मज्जातंतू थेट इथवर येतात. चटका बसला की वर्दी कण्यात जाते आणि मेंदूला कळायच्या आधीच तिथून हुकूम सुटतो, हात मागे घे. गोळीचा मऊपणाही याच वाटेनं मेंदूला पोचतो. एवढी चाकरी करणाऱ्यांचं तू तोंड बांधलंस. थांब, लेपाचा असर उतरेल."

काही दिवसांनी कोंडाबाई हातावरची पट्टी सोडत होती. म्हादबा कळवळला आणि हसू लागला.

"दुखतंय, आणि हसता काय?"

"दुखतंय म्हणूनच," तो म्हणाला आणि बोटं बुडवायला तिच्याकडून गार पाण्याचं भांडं मागून घेतलं.

तात्पर्य: वेदना हा शरीराचा राखणदार आहे, त्याची हाक बोचली तरी त्याला घालवू नये, त्याचं ऐकावं.