टिकली, ठिपका आणि खरखरणारे इंजिन

इंजिनाच्या पोटात लोकर टिकलीनेच कोंबली.

टिकली म्हणजे एक चिमुकली उंदरी. तिला वाटले, इंजिनाला थंडी वाजत असेल. म्हणून तिने लाल लोकरीचा धागा आणला. चाकांच्या फटीतून तो आत सरकवला. सगळाच्या सगळा. कोणालाही सांगितले नाही.

इंजिन खेळण्यातले होते. शकूआत्याने ते स्वतः जोडले होते. त्याचे रूळ कपाटाखालून थेट खिडकीपर्यंत जात. कपाटाखाली अंधार. खिडकीपाशी ऊन.

टिकलीला एक धाकटा भाऊ होता. त्याचे नाव ठिपका. त्याचा पाय अधू होता. त्याला चालता येत नसे. रोज दुपारी तो मागच्या डब्यात बसे. टिकली त्याच्या शेजारी बसे. झुक झुक, झुक झुक. की आलेच ऊन!

आज मात्र इंजिन म्हणाले, "खर्र खर्र, खर्र खर्र... खट्!" आणि थांबले.

ठिपका अंधारात थरथरत होता. "ताई, ऊन कुठे गं?"

टिकली निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

"इंजिना, इंजिना, ठिपक्याला उन्हात ने."

"कसे नेऊ? माझी मोटार खरखरते. तेलाचा थेंब पडल्याशिवाय मी धावणार नाही. का गं, माझ्या पोटात काय अडकले आहे?"

टिकलीने मान खाली घातली.

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली तेलाच्या कुपीकडे गेली.

"कुपीताई, कुपीताई, थेंब टाक.
इंजिन धावेना, ठिपक्याला ऊन मिळेना."

"मी काय नळ आहे, दिसेल तिथे गळायला? आधी चिमटा आत शिरू दे, कचरा काढू दे. मग थेंब पडेल. का गं, आत काय अडकले आहे?"

टिकलीने मान खाली घातली.

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली चिमट्याकडे गेली.

"चिमटेराव, चिमटेराव, आत शिरा.
थेंब पडेना, इंजिन धावेना.
इंजिन धावेना, ठिपक्याला ऊन मिळेना."

"झाकण बंद आहे, बाळ. बंद झाकणाला का चिमटे काढू? आधी पेचकस फिरू दे, झाकण उघडू दे. मग मी शिरेन. का गं, आत काय अडकले आहे?"

टिकलीने मान खाली घातली. खिडकीतले ऊन थोडे सरकले.

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली पेचकसाकडे गेली.

"पेचकसमामा, पेचकसमामा, गर्रकन फिरा.
चिमटा शिरेना, थेंब पडेना.
थेंब पडेना, इंजिन धावेना.
इंजिन धावेना, ठिपक्याला ऊन मिळेना."

"अंधारात फिरू? आणि स्क्रूऐवजी तुझी शेपटी पिळली तर? आधी दिवा लागू दे. मग मी फिरेन. का गं, आत काय अडकले आहे?"

टिकलीने मान खाली घातली. ऊन आणखी सरकले.

तुरु तुरु, तुरु तुरु. टिकली दिव्याकडे गेली.

"दिवेदादा, दिवेदादा, लख्ख लागा.
पेचकस फिरेना, चिमटा शिरेना.
चिमटा शिरेना, थेंब पडेना.
थेंब पडेना, इंजिन धावेना.
इंजिन धावेना, ठिपक्याला ऊन मिळेना."

"मी काजवा नव्हे, आपोआप लागायला. शकूआत्या उठू दे, बटण दाबू दे. मग मी लागेन. का गं, आत काय अडकले आहे?"

टिकलीने मान खाली घातली. तिचे डोळे भरून आले.

तुर... तुर... टिकली शकूआत्याकडे गेली. आत्या खुर्चीत बसली होती. तिच्या मांडीवर रिकामे खोके होते.

"आत्या, आत्या, ऊठ ना.
दिवा लागेना, पेचकस फिरेना.
पेचकस फिरेना, चिमटा शिरेना.
चिमटा शिरेना, थेंब पडेना.
थेंब पडेना, इंजिन धावेना.
इंजिन धावेना, ठिपक्याला ऊन मिळेना."

"अगं बाई, माझ्या गाडीतली पाहुणी!" आत्या म्हणाली. मग तिने सुस्कारा सोडला. "कशाला उठू? मोटार झिजली असणार. झिजलेली मोटार बरी होत नाही. इंजिन आता या खोक्यात ठेवायचे. कायमचे."

कायमचे! टिकलीने मान वर केली.

"मोटार झिजली नाही, आत्या. मी लोकर कोंबली. इंजिनाला थंडी वाजेल म्हणून. आणि मग सांगायची भीती वाटली."

आत्या रागावली नाही. आत्या उठली.

आत्या उठली, दिवा लागला. लख्ख!
दिवा लागला, पेचकस फिरला. गर्र गर्र!
पेचकस फिरला, चिमटा शिरला. सर्र सर्र!

लाल लोकर बाहेर आली. लांबच लांब. तिच्यासोबत काहीतरी खाली पडले. टिंग! तो आतल्या दातेरी चाकाचा इवलासा दाता होता. लोकरीने तो मोडला होता.



चिमटा शिरला, थेंब पडला. टप्प!
थेंब पडला, इंजिन धावले.

झुक झुक, टक्. झुक झुक, टक्. हळूहळू, लंगडत लंगडत. आता दोघेही लंगडे, इंजिन आणि ठिपका.

खिडकीपाशी ऊन नखाएवढे उरले होते. ठिपका त्यात बसला. त्याचे थरथरणे थांबले.

आत्याने इंजिनावर हात ठेवला. "असले दातेरी चाक आता मिळत नाही. इंजिनाला दोघांचे ओझे झेपणार नाही. रोज एकच फेरी. डब्यात एकच जण."

"ठिपका बसेल," टिकली म्हणाली. "मी रुळाच्या कडेने चालत येईन."

आत्याने मान डोलावली. इंजिन "हो" म्हणाले. ठिपक्याने शेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिले. मग तोही, अगदी हळू, "हो" म्हणाला.