बुरुडणीची चिरलेली कांब

घाटवाटांना अजून पायऱ्याही नव्हत्या, तेव्हाची ही गोष्ट.

घाटाखाली लोकरीचा बाजार भरे. वाटेत लुटारू फार, म्हणून धनगर आपली नाणी खालच्या कचेरीत भरत, नावाची मातीची चकती घेत आणि ती घाटावर दाखवून तितकीच नाणी मिळवत. पुढे लबाडांनी खोट्या चकत्या पाडायला सुरुवात केली. राजा दरवर्षी चकत्यांवर शिक्का मारायला अधिक प्रामाणिक शिक्केदार शोधी आणि दरवर्षी फसे.

एका धनगरणीच्या नावाने दोन वर्षे दुसऱ्याच कुणी पैसे उचलले. "यंदाबी गेलं तर मेंढरं इकावी लागतील," ती टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्या बुरुडणीजवळ रडली.

बुरुडीण उठली ती थेट राजाकडे. "महाराज, प्रामाणिक मानूस हुडकू नका. समदेच लबाड हाईत असं धरून चाला. मलाबी त्यातच धरा."

तिने बांबूच्या कांबेवर दर नाण्याला एक अशा आडव्या खाचा पाडल्या आणि कांब उभी चिरली. अर्धी मालकाला, अर्धी जासुदाबरोबर घाटावर. खाचांची नक्कल कुणीही करील, पण चिरलेल्या बांबूचे धागे आपल्या जोडीदाराशीच जुळतात.

"घाटावरचे तुकडे माझ्या खजिनदाराच्या पेटीत ठेवू. तो विश्वासू आहे," राजा म्हणाला.

"चावडीवर टांगा, महाराज. इस्वासू मानसाला मोहात कशाला पाडता?"

मग चार दिवस ती स्वतःच नकली तुकडा करत बसली. एकही जुळला नाही. आपल्याच हातून हरल्याचा एवढा आनंद झालेली बाई मी तरी ऐकलेली नाही.

बाजार उठला. धनगरीण घाट चढून पोहोचते, तर चावडीवर एक सावकार तिच्या चाळीस नाण्यांइतक्याच खाचांचा तुकडा घेऊन उभा. खजिनदाराने आधीच हात ओले करून घेतले होते. "जुळतंय," तो म्हणाला आणि सावकाराला द्यायला नाण्यांची थैली उचलू लागला.

"थांबा, डोळे आम्हालाबी हाईत," गर्दीतून कुणी बोलले. लोकांनी सावकाराचा तुकडा टांगलेल्या तुकड्याला लावून पाहिला. मध्ये बोटभर फट होती. धनगरणीने आपला तुकडा लावला आणि फट दिसेनाशी झाली.

तिला चाळीस नाणी मिळाली. त्याच कांबेवर पुन्हा कुणी पैसे मागू नये म्हणून जुळलेली कांब सर्वांसमोर जाळली. सावकार आणि खजिनदार तुरुंगात गेले.

राजाने हात जोडून बुरुडणीला खजिनदारकी देऊ केली. ती म्हणाली, "नगं. उद्या माझी नियत फिरली तर? कांब हाय की."

तात्पर्य : माणसांवर माया करावी, पण व्यवहाराची घडी अशी बसवावी की कुणी लबाड निघाला तरी ती मोडू नये.