नदी ओलांडताना

"दादा गेला, म्हणजे नेमका कुठे गेला?" रायाजी भेटेल त्याला विचारत होता. कुणी आभाळाकडे बोट दाखवलं, कुणी मान खाली घातली.

राजाला मात्र उत्तर ठाऊक होतं. "शत्रूकडे!"

रायाजीचा थोरला भाऊ निंबाजी हा राजाचा जासूद. राजाचा निरोप घेऊन तो भरल्या नदीपलीकडच्या ठाण्याकडे निघाला होता. निरोप ठाण्यावर पोचला नाही, निंबाजीही परतला नाही. काठावर पहारा करणाऱ्या गुणाजी हवालदाराने दरबारात छाती काढून सांगितलं, "महाराज, मी त्याला नदी ओलांडताना पाहिलं!"

"म्हणजे पलीकडे पोचला आणि फितूर झाला!" राजा गरजला. "घर जप्त करा! बायकोला बाहेर काढा! आणि फितुराला तिलांजलीसुद्धा द्यायची नाही!"

"खोटं आहे!" मुजरा करायचंही विसरून रायाजी ओरडला.

"असं? मग तो पलीकडे पोचला नाही असं सांगणारा साक्षीदार आण. डोळ्यांनी बघितलेला. आत्ताच्या आत्ता!"

"आणायला कशाला जाऊ? तो काय उभा आहे!"

हवालदाराने मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

"हवालदार, तुम्ही दादाला नदी ओलांडताना पाहिलंत, की ओलांडून काठावर चढलेला पाहिलात?"

"ओलांडताना! मधोमध होता, मग दिसेना. पण ओलांडताना पाहिला म्हणजे ओलांडलीच की रे!"

"बरं. महाराज, परवा अख्ख्या गावाने हवालदारांना तुमच्या अबलख घोड्यावर चढताना पाहिलं."

"मग?"

"मग विचारा की! चढलेले कुणी पाहिले?"

दरबारात कुणीतरी खोकलं. हवालदाराचा हात आपसूक कमरेवर गेला. तिथे हळदीचा लेप होता.

राजाने ओठ दाबून धरले. जमलं नाही. मांडीवर थाप मारून तो असा हसला, की मंदील कानावर उतरला!

"जिंकलास, पोरा! निंबाजी फितूर नव्हे. तो माझ्या कामी आला. घर वहिनीच्या नावे कायमचं! आणि तुला काय देऊ?"

"हवालदार द्या, महाराज. एका दुपारपुरते."

"याचं काय करणार?"

"दादा शेवटचा दिसला, ती जागा त्यांनाच ठाऊक आहे."

त्या दुपारी हवालदाराने काठावरून बोट दाखवलं. रायाजी कमरेइतक्या पाण्यात उतरला. मंत्र त्याला येत नव्हते. त्याने ओंजळ भरली आणि दादाच्या नावाने तिळाचं पाणी सोडलं.