कोपऱ्यातल्या कढईचा 'हजर'

गोष्टी सांगणं हा माझा धंदा नव्हे. मंडळाच्या पोरांनी धरून आणलं, चहा पाजला, आता सांगा म्हणतात. चहाही गारच होता. तरी ऐका.

एकदा एका व्यापाऱ्याचा कापड रंगवण्याचा कारखाना होता. माणसं सारखी आजारी पडत आणि काम अडे. वैतागून तो एका वृद्ध ज्ञानी पुरुषाकडे गेला. वृद्धाने गणितात तरबेज असलेला आपला शिष्य पाठवला.

तिथली रीत अशी की हजेरीला माणसाचं नाव घेत नसत, कढईचं घेत. मुकादम दारात उभा राहून पुकारी, "दाराची कढई!" आतल्या वाफेतून उत्तर येई, "हजर!" उत्तर आलं नाही की खाडा. शिष्य मुकादमाशेजारी बसे आणि खाडा झाला की त्या कढईच्या वाडग्यात एक चिंचोका टाकी. हंगाम सरत आला तेव्हा दाराच्या कढईचं वाडगं शिगोशीग भरलं होतं. कोपऱ्यातल्या हिरव्या रंगाच्या कढईचं रिकामं होतं, अगदी धुतल्यासारखं.

व्यापारी हरखला. "जागाच शुभ आहे ती! आणि दाराच्या कढईवरचा तो खोकणारा उद्यापासून नको."

शिष्य चटकन पुढे झाला. तो खोकणारा त्याचा सख्खा थोरला भाऊ होता. त्याने हात जोडले. "शेठजी, त्याला काढू नका. कोपऱ्यात बसवून पाहा. तिथं कुणी आजारीच पडत नाही."

"बसू दे," व्यापारी म्हणाला.

शिष्य आनंदाने गुरूंकडे धावला. सगळं ऐकून वृद्धाने एवढंच विचारलं, "त्या कोपऱ्यातला माणूस दिसतो कसा?"

"वाफेत कोण दिसणार, गुरुजी? आवाज येतो, पुरे झालं की."

दुसऱ्या दिवशी सकाळी वृद्ध त्याच्याबरोबर कारखान्यात आला आणि सर्वांदेखत त्याने शिष्याच्या डोळ्यांवर उपरणं बांधलं. मुकादम खिदळला. "बाबा, आंधळी कोशिंबीर खेळायची का?"

"तू पुकार," वृद्ध म्हणाला.

"कोपऱ्यातली कढई!"

"हजर."

आवाज कोवळा होता, नुकता फुटलेला. शिष्याच्या अंगावर काटा आला. हंगामाच्या आरंभी याच कोपऱ्यातून घोगरा, वयस्क 'हजर' येत असे. मग एक गेंगाणा आला. मध्ये एक होता, तो शब्द अर्ध्यावरच सोडी. सगळे कानांवरून गेले होते आणि चिंचोका एकदाही पडला नव्हता.

वृद्धाने वाफेत हाक घातली, "तुझ्याआधी तिथं कोण होता रे?"

रटरटत्या कढईमागे काहीतरी हललं. मग उत्तर आलं, "ठाऊक नाही, बाबा. मी कालच आलो. त्याचं पागोटं खुंटीवरच आहे. त्याच्याखाली आणखी एक आहे. त्याच्याही खाली..."

"बाहेर ये, बाळा. आधी बाहेर ये."

शिष्याने उपरणं ओरबाडून काढलं. त्याचा भाऊ कोपऱ्याच्या वाटेवर निम्मा वाफेत शिरला होता. "दादा, थांब!" त्याने धावत जाऊन भावाची बंडी मुठीत धरली.

"अरे, फाटेल ना!" भाऊ खोकत म्हणाला.

वृद्ध शांतपणे बोलला, "इतर कढयांवरची माणसं आजारी पडतात, घरी निजतात आणि परत येतात. त्यांची जागा त्यांच्यासाठी रिकामी राहते, म्हणून त्यांचं आजारपण तुझ्या वाडग्यात पडलं. तिथला हिरवा रंग विषारी आहे, तो माणसाला परत येऊच देत नाही. मुकादम त्याच दिवशी दुसरा बसवतो. कढई हजर राहते, माणूस नाहीसा होतो. तू कढयांचं आरोग्य मोजलंस, बाळ."

व्यापाऱ्याने मान खाली घातली आणि कोपऱ्यातल्या कढईखालचा विस्तव काढायला सांगितलं. शिष्याने भावाची बंडी बराच वेळ सोडली नाही.

जिथे एकही खाडा नाही, तिथे माणूस तोच आहे का, हे आधी विचारावं. आमच्या गिरणीत मी हे विचारलं, तेव्हा हजेरीबाबूने चार लोकांत मला कामचुकार म्हटलं. अजून माफी मागितलेली नाही. त्याचं नावही सांगतो, भालचंद्र टिपणीस.