टिटवी आणि लांबचे पाहुणे

पक्षी माणसांसारखे बोलत, त्या काळची ही गोष्ट. आश्विन महिन्यात थंड मुलुखातून आलेले शेकडो चिमुकले तुतवार पक्षी खाडीत उतरले. त्यांना बघायला खाडीतले सगळे पक्षी सकाळीच जमले. बगळेदादांनी टिटवीला आधीच बजावलं, "आज तोंड उघडू नकोस हं! तुझ्या ओरडण्यानं पाहुणे बिचकतील."

टिटवी हिरमुसली, पण गप्प बसली. तुतवार चिखलात चोची खुपसत तुरुतुरु पळत होते आणि बघणारे अगदी खूश होते. तेवढ्यात खारफुटीआडून झेपावणारा ससाणा टिटवीला दिसला. तिला राहवेना.

"उडा रे, उडा!" ती जिवाच्या आकांताने ओरडली. सगळा थवा भुर्रकन उडाला आणि ससाणा हात हलवत परत गेला.

बगळेदादांना ससाणा दिसलाच नव्हता. "झालं समाधान?" ते कडाडले. "घालवलेस ना पाहुणे!"

टिटवीच्या डोळ्यांत पाणी आलं. पण थोड्याच वेळात थवा परतला आणि थेट तिच्याभोवती उतरला.

"मावशी," एक दमलेला तुतवार म्हणाला, "इतक्या लांबून आलोय, वाटेत डोळ्याला डोळा लागला नाही. तुम्ही जाग्या आहात, तर जरा झोपू का इथं?"

टिटवीने मान हलवली. बगळेदादा एकेक पाय अलगद उचलत, चिखलाचाही आवाज न करता बाजूला सरकले.