हौसाची करवंटीतली बाग

हौसाच्या घरात काळा सोडून दुसरा रंगच नव्हता. भिंती काळ्या दगडाच्या, छप्पर धुरानं काळं, अंगण म्हणजे नुसता काळा खडक. मांजरसुद्धा काळं. ते अंगणात निजलं की शेपटीवर पाय पडेपर्यंत कळायचंच नाही.

हौसाला आईबाप नव्हते. ती अन् तिचे आबा, म्हणजे तिच्या बापाचे बाप, दोघंच राहायची. पाणी होतं पार माळापलीकडच्या झऱ्यावर. इवलीशी हौसा इवलीशी कळशी घेऊन जायची. आणलेलं पाणी प्यायला अन् भाकरीच्या पिठालाच पुरायचं. तिनं झेंडू लावला, तो वाळला. तुळस लावली, तीपण वाळली.

एकदा शहरातनं सगुणा आत्या आली. दारातच थांबली अन् म्हणाली, हे घर आहे का कोळशाची वखार? दारात फूल नाही, पान नाही, अशानं पोर सुकून जाईल. दिवाळी झाली की येते, तोवर घराला घरपण आलं नाही तर हौसाला माझ्याकडे नेते. आबा काही घर सोडायचे नाहीत. म्हणजे आबा एकटे राहणार.

हौसा रडली नाही. तुम्ही असतात तर भोकाड पसरलं असतं, मला माहीत आहे. हौसानं ओठ घट्ट मिटले अन् ठरवलं, घर सजवायचं अन् आबांना सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवशी ती कळशी घेऊन माळावरनं येत होती. तर खडकाच्या भेगेतनं आवाज आला, हिक्. परत हिक्. हौसा वाकून बघते तर तिथं एक परी.

आता परी म्हटलं की तुम्ही डोळे मिटून बारीक कंबरेची, चांदीच्या पंखांची बाई बघणार. डोळे उघडा. ही परी होती गुबगुबीत. हिरवे हिरवे टपोरे गाल, गुलाबी कडांचे जाडजूड पंख, अंगावर मोत्यांसारखी चमचमती लव. उंची म्हणाल तर तुमच्या वाटीत मावेल एवढी. अन् बसली होती ओली गच्च, उचक्या देत.

हौसानं तिला पाणी विचारलं. परी दचकून मागं सरली.

"पाणी नको गं बाई," ती म्हणाली. "या वाटेनं जाणारा जो तो पुण्य म्हणून उरलेलं पाणी माझ्या अंगावर ओततोय. पोट फुटायची वेळ आली माझी."

हौसाला हसू आलं, पण तिनं ते गिळलं. स्वतःच्या ओढणीनं तिनं परीचे पंख टिपले, हळूच उचलून उन्हातल्या उबदार दगडावर बसवलं अन् वाळेपर्यंत फुंकर घालत बसली. उचक्या थांबल्या. परीचे पंख पोपटी, सोनेरी, जांभळे चमकायला लागले.

"दोन गोष्टी माग," परी म्हणाली. "एक आत्ता, एक नंतर. दुसरी मागितलीस की मी गेले, परत यायची नाही."

हौसा म्हणाली, "आमच्या घरात जगतील अशी झाडं दे."

परीनं पंख झटकले. भुरुभुरु भुरुभुरु पानं पडली. कुठलं बोटाएवढं, कुठलं मण्याएवढं, कुठलं पिटुकल्या गुलाबासारखं गुंडाळलेलं. सगळी जाड, सगळी रसाळ. मग परीनं नियम सांगितला. पान सुरकुतल्याशिवाय पाणी घालायचं नाही. जो घालेल त्याचं नाक फुगेल, माझ्या गालासारखं, अन् असंच हिरवंगार.

हौसा घरी पळाली ती कामालाच लागली. नारळाच्या करवंट्या जमवल्या अन् त्यांचे डोळे फोडले, म्हणजे पाणी खाली निघून जाईल. दांडा तुटलेला कप घेतला. भोक पडलेलं पातेलं घेतलं. फुटकं कौल घेतलं. त्यात जाड वाळू, विटेचा चुरा, चिमूटभर माती. मग एकेक पान टेकवलं, तान्ह्या बाळाला निजवावं तसं. गावभर फिरून तिनं फुटक्या बांगड्या वेचल्या. निळ्या तुकड्यांची नदी केली, लाल तुकड्यांची पायवाट, पांढऱ्या खड्यांचे डोंगर. एका करवंटीत अख्खा गाव मावला.

पानांना मुळं फुटली, मुळांवर झाडं आली. कोनाड्यात बाग, उंबऱ्याशी बाग, आढ्याला सुतळीनं टांगलेल्या हिरव्या हिरव्या झुलत्या बागा. ऊन आत आलं की भिंतीवर निळे, लाल ठिपके नाचायचे. काळं मांजर ते पकडायला उड्या मारायचं अन् भिंतीवर आपटायचं.

शेजारणी बघायला यायच्या अन् टोमणे मारून जायच्या. झाडांना पाणी घालत नाही, काय बाई हे पोरीचं काळीज. हौसा ऐकून घ्यायची, पण कळशीला हात लावायची नाही.

आबांना मात्र चैन पडेना. झाडाला पाणी घालणं म्हणजे पुण्य, असंच ते जन्मभर मानत आले होते. हौसानं नियम सांगितला होता, नाकाचंही सांगितलं होतं. पण आबांना वाटलं, नियम असतात ते लेकरांना. दिवाळी सरली, उद्या सगुणा येणार म्हटल्यावर त्यांनी काय केलं, हौसा झऱ्यावर गेल्याचं बघितलं, अन् स्वतःच्या प्यायच्या पाण्याचा तांब्या घेऊन सगळ्या करवंट्या चिंब भिजवल्या. स्वतः तसेच तहानलेले राहिले.

सकाळी हौसा उठली तर झाडं सडून मऊ झालेली, भाताची पेज व्हावी तशी. अन् आबांच्या तोंडावर कैरीएवढं हिरवंगार नाक. हसू नका. बरं, हसा. पण आबांना श्वास घेता येत नव्हता हो.

हौसानं हाक मारली. परी आढ्यावर येऊन बसली.

"बाग परत हवी ना?" परी म्हणाली. "आत्याची गाडी वेशीपर्यंत आलीय."

"आबांचं नाक बरं कर," हौसा म्हणाली.

आबा नाकातल्या नाकात ओरडले, "अगं, नाक राहू दे. पोरगी गेल्यावर काय करू मी नाकाचं? बाग माग, बाग."

"मग मी परत येणार नाही हं," परी म्हणाली.

"आबांचं नाक," हौसा म्हणाली.

झालं. फुस्स करून नाक होतं तेवढं झालं.

हौसानं बाह्या सारल्या. सडकं सगळं उपसून टाकलं अन् त्यातनं धड राहिलेली पानं वेचायला लागली. आबाही मुकाट्यानं कोरडी वाळू चाळायला बसले. तेवढ्यात आत्या आत आली. रिकामी करवंटी, चिखल, चिखलात बसलेली हौसा. आत्या म्हणाली, चल, कपडे भर.

"नाही येणार मी," हौसा म्हणाली. हात थांबले नाहीत तिचे. "सगळं सडलं, पण ही पानं धड आहेत. एका पानाची दहा झाडं होतील."

"अन् परत सडली तर?"

"परत लावीन."

आत्यानं हौसाच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे बघितलं. आबांकडे बघितलं, ते मान वर करत नव्हते. मग तिनं पदर खोचला, खाली बसली अन् विचारलं, कुठली धड, कुठली सडकी, दाखव मला.

शेवटचं पान वाळूवर टेकलं तेव्हा आढ्यावरनं आवाज आला, "मागितलेलं देऊन झालं. आता हे माझ्याकडनं." अन् परी शिंकली. हळदीसारखा पिवळा, गुलालासारखा गुलाबी उजेड घरभर उधळला. पानांना जे करायला पंधरा दिवस लागले असते, ते एका शिंकेत झालं. प्रत्येक पानाच्या कडेकडेनं पिटुकली रोपं उभी राहिली, झालर लावल्यासारखी. उजेड विरला तेव्हा आढ्यावर कोणी नव्हतं.

आत्यानं एका रोपाला बोट लावून बघितलं. मग हळूच म्हणाली, "हौसे, एक मला देशील?"

हौसानं निळ्या नदीची करवंटी तिच्या हातात दिली.

संध्याकाळी गाडी निघाली ती हौसाला न घेताच. आत्यानं पदराचा आडोसा केला अन् गाडीवानाला सांगितलं, "हळू हाक रे बाबा, मांडीवर बाग आहे माझ्या."