वरची काळी, खालची पिवळी

राजा होता एक, घाटमाथ्यावरचा. तिथं उजाडलं तरी धुकं हलायचं नाही. थंडी अशी, की राजाच्या मिशासुद्धा गारठायच्या. त्यानं सून आणली कोकणातली, अबोली नावाची. आली ती गप्पच बसली. जेवेना, बोलेना. दिवसेंदिवस वाळायला लागली, बरं का.

राजानं विचारलं, "सूनबाई, काय हवं तुला?"

"आमच्या परसातली पिवळी फुलपाखरं," ती म्हणाली. "इथली मेली सगळी काळी."

खरं तर काळी नि पिवळी एकमेकांची सख्खी चुलत भावंडं. रंग सोडला तर ओळखू यायची नाहीत.

मग टोपलीभर पिवळी फुलपाखरं आली. पण काळे पंख उन्हाची ऊब चटकन धरतात, पिवळे धरत नाहीत. काळी सकाळीच फुलांवर, आणि पिवळी आपली पानाखाली कुडकुडत. मेली बिचारी.

मग राजा म्हणाला, "सुरवंट आणा. इथंच वाढले की सवय होईल." सुरवंट आले, पाला खाऊन गलेलठ्ठ झाले. पंख फुटले, तर पिवळेच. ती फुलपाखरंही गेली.

ए, पाय आत घे, पांघरूण ओढू नकोस.

मग राजानं काय केलं, काळ्या-पिवळ्यांची लग्नं लावली. पोरं झाली मळकट. वर त्यांना उशिरा जाग यायची, तोवर काळ्यांनी फुलं रिकामी केलेली. खाली नेऊन सोडली, तर ऊन सोसेना. ना इथली, ना तिथली. एकही जगलं नाही.

अबोली रडली. "माझ्या हट्टापायी गेली सगळी," म्हणाली आणि पाणीही पिईना. आता ही राहत नाही, असं राजाला वाटलं.

राणी मात्र कमी बोलायची. तिनं सुनेला अंगणात उन्हाला बसवलं, अंगावर काळी घोंगडी टाकली. म्हणाली, "त्यांना पंख उतरवता येत नाहीत गं. तुला घोंगडी उतरवता येते."

घोंगडी तापली. एक काळं फुलपाखरू आलं आणि ऊब घेत तिच्या खांद्यावर बसलं. अबोली बघत राहिली. मग तिनं भाकरी मागितली.

पुढं दरवर्षी ती माहेरी जायची. अर्ध्या घाटात घोंगडी काढून झाडाला टांगायची आणि येताना पुन्हा पांघरायची. पिवळी खालीच राहिली, काळी वरच. अबोली दोन्हीकडं सुखानं नांदली.

आता आपापली पांघरुणं घ्या आणि मिटा डोळे.